रंगभूमीची परिभाषा : शब्दांचा कानडी-मराठी प्रवास

कोणत्याही कलेची परिभाषा ही त्या कलेच्या इतिहासाची विश्वासू नोंदवही असते. नाटक कंपन्या बुडतात, थिएटरे पाडली जातात, नटांची नावे विस्मरणात जातात. परंतु तालमीच्या खोलीत सहज उच्चारला जाणारा एखादा शब्द शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची हकीकत आपल्या पोटात जपून ठेवतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांच्या जीवनात नाटकाला जे स्थान आहे ते वेगळे सांगावयास नको. गणेशोत्सव आला की नाटक बसविण्याची धांदल सुरू होते आणि त्या धांदलीत नांदी, प्रवेश, विंग, तालीम, नेपथ्य, रंगभूषा हे शब्द घरातल्या शब्दांइतकेच सैलपणे वापरले जातात.

बंगळुरात वाढलेल्या आपल्या तरुण मंडळींची स्थिती मात्र थोडी निराळी आहे. त्यांचे नाट्यशिक्षण बहुधा कानडीतून किंवा इंग्रजीतून होते, आणि घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले मराठी नाट्यशब्द व शिबिरात कानी पडणारे शब्द यांचा मेळ त्यांना घालता येत नाही. अशा विद्यार्थ्यांना रंगभूमीच्या प्राथमिक परिभाषेचा परिचय करून द्यावा, आणि तो कोशाप्रमाणे अकारविल्हे न देता इतिहासाच्या अंगाने द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या वाटेने गेल्यास जे दृश्य दिसते ते बंगळूरकर मराठी माणसाला विशेष जिव्हाळ्याचे वाटेल. आपण ज्याला अस्सल मराठी नाटक म्हणतो, त्याच्या जन्मकथेत कानडी मुलुखाचा हात आहे आणि त्या परिभाषेवर त्याच्या बोटांचे ठसे अजून उमटलेले आहेत.

भरतमुनींचा वारसा

भारतीय रंगभूमीच्या बहुतेक मूळ संज्ञा भरताच्या नाट्यशास्त्रातून आलेल्या आहेत. ‘अभिनय’ हा शब्दच पाहावा. ‘अभि’ म्हणजे कडे, सन्मुख आणि ‘नी’ म्हणजे नेणे. नाट्याचा अर्थ प्रेक्षकाकडे नेऊन पोहोचविणे म्हणजे अभिनय. नक्कल करणे, भाव आणणे, मुद्रा करणे हे सगळे या पोहोचविण्याचे मार्ग झाले. विद्यार्थ्याने ही व्युत्पत्ती नीट ध्यानात ठेवली, तर आरशासमोर उभे राहून केलेल्या अभ्यासाला अजून अभिनय का म्हणता येत नाही, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीराच्या हालचालींनी होणारा तो आंगिक, वाणीने होणारा तो वाचिक, अंतःकरणाच्या एकाग्रतेतून अश्रू, कंप, रोमांच इत्यादी रूपांनी प्रकटणारा तो सात्त्विक, आणि बाहेरून आणलेल्या साधनांनी, म्हणजे वेष, रंग, अलंकार यांनी होणारा तो आहार्य. आजचे कोणतेही अभिनयशिबिर घेतले तरी त्यातील पाठ या चार कप्प्यांतच कोठे ना कोठे बसवावे लागतात.

‘नेपथ्य’ या शब्दाचा प्रवास तर मोठा उद्बोधक आहे. संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ असे रंगसूचन आले की पडद्यामागून बोलले जात आहे असे समजावे. नेपथ्यगृह म्हणजे नटांची सजण्याची खोली, आणि नेपथ्य म्हणजे वेष व सजावट. मराठीत मात्र आज नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभारलेला देखावा, घराच्या भिंती, जिना, खिडक्या. हा अर्थ चुकीचा आहे असे काही पंडित म्हणतात. परंतु भरताने आहार्य अभिनयाच्या प्रकरणात नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार भेद दिले असून, त्यांपैकी ‘पुस्त’ म्हणजे पर्वत, विमान, ढाल इत्यादींच्या कृत्रिम रचना होत. तेव्हा मराठीने शब्दाच्या चार अर्थांपैकी एक उचलून तो विस्तारला, एवढेच म्हणता येईल. कानडीत नेपथ्य हा शब्द पडद्यामागची जागा या जुन्या अर्थाजवळच राहिला आणि देखाव्यासाठी ‘रंगसज्जिके’ हा शब्द रूढ झाला. मराठी नाटकात ‘नेपथ्याकडे जा’ म्हटले की मुलगा सुतारकामाच्या दिशेने जाईल, आणि कानडी नाटकात त्याच शब्दावर तो पडद्याआड जाऊन उभा राहील. शब्द एकच, पण दोन सख्ख्या शेजाऱ्यांच्या घरी त्याचे काम वेगळे.

बोलण्याच्या पद्धतींचीही भरताने बारकाईने विभागणी केली आहे. पात्र स्वतःशीच बोलते ते स्वगत. रंगमंचावर इतर पात्रे असताना हाताची त्रिपताक मुद्रा आडवी धरून एकाशीच बोलणे ते जनान्तिक. वळून गुपित सांगणे ते अपवारित. रंगमंचावर नसलेल्या व्यक्तीशी प्रश्नोत्तरे करणे ते आकाशभाषित. यांतील स्वगत तेवढे आपल्या रोजच्या भाषेत उतरले. बाकीची नावे पुस्तकात राहिली. एकपात्री प्रयोगात कलावंत अदृश्य माणसाशी भांडतो तेव्हा तो आकाशभाषितच करीत असतो, हे त्याला ठाऊक असो वा नसो.

नाट्यशास्त्रात आणखी एक गोष्ट अशी आहे की जी आपल्या विषयाच्या मुळाशीच जाते. निरनिराळ्या प्रदेशांच्या वेषभाषाचारांनुसार भरताने चार प्रवृत्ती सांगितल्या आहेत. त्यांपैकी दाक्षिणात्या प्रवृत्तीच्या देशांमध्ये महाराष्ट्र आणि वनवासी ही नावे एकाच यादीत येतात. वनवासी म्हणजे उत्तर कानडा जिल्ह्यातील आजचे बनवासी. या दाक्षिणात्यांना नृत्य, गीत आणि वाद्य फार प्रिय, असेही भरत सांगतो. संगीत नाटकावर जीव टाकणाऱ्या मराठी रसिकाला आणि यक्षगानासाठी रात्र जागविणाऱ्या कानडी रसिकाला त्याने इतक्या पूर्वी एका पंक्तीस बसविले होते.

बंगळूर, तंजावर आणि विसरलेला आरंभ

बंगळूरचा आणि मराठ्यांचा संबंध 1638 च्या सुमारास विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतल्यानंतर जडला. पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांचे प्रमुख ठाणे बनले. शहाजीराजांच्या दरबारी अनेक भाषांचे कवी होते, याचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आढळते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावरचे राज्य मिळविले आणि त्यांचे पुत्र शाहराज यांनी 1684 ते 1712 या आपल्या कारकिर्दीत मराठी व तेलुगू नाटके रचली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांतील एक. ‘पंचभाषाविलास’ या त्यांच्या नाटकात तर संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषा नांदतात. या नाटकांच्या हस्तलिखित पोथ्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. सूत्रधाराचे निवेदन आणि ‘दरू’ नावाची गीते ही त्यांची घडण दक्षिणेतील यक्षगान परंपरेशी नाते सांगणारी आहे.

ही परंपरा महाराष्ट्रापर्यंत पोहोचली नाही. सांगलीला ज्या नाटकाचा जन्म झाला, त्याला तंजावरची वार्ताही नव्हती. परंतु मराठी नाटक दोनदा जन्मले आणि दोन्ही वेळा ते दक्षिणेच्या कुशीत जन्मले, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

सांगलीचे ‘खेळ’ आणि कर्कीचे ‘आट’

1842 च्या सुमारास उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्कीच्या भागवत मंडळींनी सांगलीस येऊन आपले खेळ केले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांस अशा प्रकारचे, पण अधिक नीटस असे खेळ मराठीत रचण्याची आज्ञा केली. त्याप्रमाणे 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग झाला. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो.

आता दोन्हीकडच्या संज्ञा शेजारी ठेवून पाहाव्यात. कानडीत या प्रकाराला ‘आट’ म्हणतात. आट म्हणजे खेळ. उघड्या मैदानावरचा तो बयलाट, मोठा तो दोड्डाट, लहान तो सण्णाट. मराठीतही नाटकाचा ‘खेळ’ होत असे, आणि कोकणात तर ‘नमन-खेळे’ अजून होतात. यक्षगानात गाऊन कथा पुढे नेणारा तो ‘भागवत’. त्याच्यासह वाद्ये वाजविणारा मागचा मेळ म्हणजे ‘हिम्मेळ’ आणि पुढे नाचून बोलणाऱ्या नटांचा मेळ म्हणजे ‘मुम्मेळ’. भाव्यांच्या नाटकात भागवताची जागा सूत्रधाराने घेतली. सर्व पदे तोच म्हणे, साथीदार त्याच्याबरोबर रंगमंचावरच उभे असत, आणि पात्रे पदांचा आशय धरून उत्स्फूर्त भाषणे करीत. हिम्मेळ आणि मुम्मेळ ही नावे मराठीत आली नाहीत, पण ती व्यवस्था मात्र आली.

यक्षगानात नटाच्या कामाला ‘वेष’ म्हणतात. स्त्रीवेष, राजवेष, आणि रंगांनी चेहरा भरून टाकलेल्या राक्षसांचा ‘बण्णद वेष’. मराठी मंडळ्यांत याच धर्तीवर देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशी नटांची वाटणी झाली. इंग्रजी ‘पार्ट’शी नाते सांगणारा हा शब्द ज्या चौकटीत बसविला गेला ती चौकट मात्र कानडी वेषांच्या वर्गवारीशी तंतोतंत जुळते. नट कोण आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचे सोंग घेतो, यावर त्याची ओळख ठरे. राक्षसपार्टीच्या आरडाओरड्यावरूनच पुढे या नाटकांना ‘अललडुर्र’ हे थट्टेचे नाव पडले.

‘सूत्रधार’ या शब्दाविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे तो कठपुतळ्यांचे सूत्र धरणारा. दुसऱ्या मताप्रमाणे नाट्यगृह बांधताना जमीन मोजण्याचे सूत्र धरणारा, कारण भरताने अशा मोजणीचा विधी सांगितला आहे. वाद मिटणारा नाही. पण मराठीच्या आद्य नाटककाराने लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या हे लक्षात घेतले, म्हणजे निदान सांगलीपुरता तरी पहिला अर्थ अगदी शब्दशः खरा ठरतो.

बुकिश नाटक, चाल आणि तालीममास्तर

1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ प्रसिद्ध झाले. संवाद आधी लिहून, पाठ करून म्हणावयाच्या या नाटकांस ‘बुकिश’ नाटके म्हणू लागले. या एका शब्दाने पाठोपाठ अनेक शब्द आणले. लिहिलेले भाषण आले म्हणून प्रत्येक नटाला त्याच्या कामाची ‘नक्कल’ काढून देणे आले, नक्कल विसरणाऱ्यासाठी विंगेत प्रॉम्प्टर आला, आणि पाठांतर घोटून घेण्यासाठी ‘तालीम’ आली. तालीम हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठीत मल्लांच्या आखाड्यालाही तालीमच म्हणतात. शरीर आणि वाणी दोन्ही घामाने घडतात, हे त्या शब्दाने ओळखले होते. कानडी नाटकमंडळीही ‘तालीमु’च म्हणतात, मुखवटा न बदलता दोन्ही घरी वावरणारा हा शब्द आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा नाटककार किर्लोस्कर मंडळीत नटांना तयार करी, तो ‘तालीममास्तर’ म्हणून. ‘दिग्दर्शक’ हा शब्द नंतर रूढ झाला. तालीममास्तर नटाला घडवितो, दिग्दर्शक दिशा दाखवितो. दोन शब्दांमध्ये कामाच्या कल्पनेतच फरक पडला आहे.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्यांनी केलेला मोठा फरक असा की गाण्याचा अधिकार सूत्रधाराकडून काढून प्रत्येक पात्राला दिला. सूत्रधार नांदी व प्रस्तावना आटोपून निघून जाऊ लागला. प्रत्येक पदाच्या डोक्यावर त्याची ‘चाल’ लिहिलेली असे आणि या चालींमध्ये कानडी चालीही होत्या. केशवराव भोसले यांनी ‘ललितकलादर्श’ ही संस्था 1908 मध्ये स्थापिली ती हुबळीस. मराठी रंगभूमीवर मखमली दर्शनी पडदा आणण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, यांनी कानडी मातृभाषेचे असूनही मराठी रंगभूमी गाजविली. त्या काळातील ‘मराठी’ नाटकाची सरहद्द नकाशावरच्या रेषेशी जुळत नव्हती.

या देवघेवीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. धारवाड, हुबळी, गदग या भागांत मराठी कंपन्यांचा एवढा बोलबाला झाला की कानडी प्रेक्षकाला आपल्या भाषेतील नाटक दुर्मिळ झाले. या खंतीतूनच 1870 च्या दशकात गदगमध्ये शांतकवी, म्हणजे सक्करी बाळाचार्य, यांनी कानडी नाटके लिहून मंडळी उभी केली. ज्या प्रदेशाने मराठीला नाटकाची कल्पना दिली, त्याच प्रदेशाला आपली रंगभूमी मराठीच्या सावलीतून सोडवून घ्यावी लागली. कर्नाटकात राहून मराठी नाटक करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा इतिहास विसरून चालणार नाही. तो विसरला तर अभिमानाचा दंभ होतो.

पडदा, प्रकाश आणि नव्या संज्ञा

पडद्याला संस्कृतात यवनिका किंवा जवनिका म्हणतात. यवन शब्दावरून कित्येकांनी आपले नाटक ग्रीकांकडून आल्याचा तर्क लढविला. परंतु प्राचीन ग्रीक नाटकात असा पडदा नव्हता, त्यामुळे त्या तर्काला आधार उरत नाही. यक्षगानात दोघे जण हाताने धरतात तो लहानसा पडदा, ‘तेरे’, त्या जुन्या यवनिकेची आठवण करून देतो. गिरीश कार्नाड यांनी ‘हयवदन’ (1971) या नाटकात भागवत आणि हा पडदा या दोघांनाही आधुनिक रंगमंचावर आणले. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणले आणि विजया मेहता यांनी ते बसविले, तेव्हा सांगलीत सूत्रधार झालेला भागवत सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपल्या मूळ नावाने मराठी रंगमंचावर परतला. कार्नाडांचे ‘तुघलक’ (1964) विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कंपनीच्या काळात रंगवलेले पडदे असत. बाग, राजवाडा, रस्ता हे सारे कापडावर. 1922 च्या ‘सत्तेचे गुलाम’मध्ये ललितकलादर्शने खऱ्यासारखी खोली उभी केली. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणली. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि पार्श्वसंगीताचा विचारपूर्वक उपयोग झाला. या बदलांच्या मागोमाग नेपथ्यकार, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा या संज्ञा स्वतंत्र कसब म्हणून स्थिरावल्या. तेलाच्या दिव्यांच्या आणि किटसन बत्तीच्या काळात नटाला उजेडासाठी पुढे यावे लागे. विजेचे दिवे हवे तेथे टाकता येऊ लागल्यावर रंगमंचाचा मागचा भागही बोलू लागला.

दिशांविषयी विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. रंगमंचाची उजवी-डावी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची धरावी, हा पाश्चात्त्य शिस्तीचा नियम. आपल्याकडे काही नाटककार प्रेक्षकाची बाजू धरून रंगसूचना लिहितात. म्हणून पहिल्याच तालमीला कोणाचा उजवा हात धरावयाचा ते ठरवून घ्यावे. इंग्रजीत मागच्या भागाला ‘वर’ आणि पुढच्या भागाला ‘खाली’ म्हणतात, कारण तेथील जुने रंगमंच मागून पुढे उतरते असत. आपल्या सपाट रंगमंचावर ‘मागे’ आणि ‘पुढे’ हेच शब्द खरे आहेत.

विंग, एंट्री, स्पॉट, लेव्हल, ब्लॅकआउट हे शब्द मराठीने केव्हाच आपलेसे केले आहेत; त्यांना हुसकावून लावण्याचा अट्टाहास व्यर्थ आहे. परंतु ‘रंगीत तालीम’, ‘तिसरी घंटा’, ‘प्रयोग रंगला’, ‘नाटक बसविणे’ या शब्दांना पर्याय नाहीत. इंग्रजीत तालमीचा अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणे असा होतो. मराठीत नाटक ‘बसते’, जसे शिवलेले वस्त्र अंगावर बसते. तसेच ‘प्रवेश’ हा शब्द. कानडी आज ‘दृश्य’ म्हणते, म्हणजे दिसणारे. मराठी ‘प्रवेश’ म्हणते, म्हणजे कोणीतरी येणे. माणूस आत आला की नाट्य बदलते, ही जाण त्या एका शब्दात साठलेली आहे.

समारोप

नाट्यशास्त्राचे गाढे अभ्यासक आद्य रंगाचार्य, म्हणजे कानडी नाटककार श्रीरंग, विजापूर जिल्ह्यात जन्मले आणि त्यांच्या जीवनाची अखेरची वर्षे बंगळुरात गेली. नाट्यशास्त्राचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1986 मध्ये याच शहरातून प्रसिद्ध झाले. रवींद्र कलाक्षेत्र 1963 पासून आणि रंगशंकरा 2004 पासून येथील रसिकांची सेवा करीत आहेत. नाट्यपरिभाषेचा तौलनिक अभ्यास करावयास बंगळूरइतके सोयीचे गाव मराठी माणसाला क्वचितच मिळेल.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. आपल्या मंडळांच्या नाटकांच्या माहितीपत्रिकेत नेपथ्य, रंगभूषा, प्रकाशयोजना या मराठी संज्ञांच्या शेजारी त्यांचे कानडी प्रतिशब्दही, रंगसज्जिके, प्रसाधन, बेळकु, असे छापावेत. त्याचबरोबर ज्या ज्येष्ठांनी पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाटके केली आहेत, त्यांच्या तोंडी असलेले शब्द त्यांच्या हयातीत लिहून घ्यावेत. यास मोठा निधी लागत नाही. एक वही आणि ऐकून घेण्याची वृत्ती पुरते. शब्द गेला की त्यामागचे कसब कोणाकडून शिकलो हेही विसरले जाते, आणि जो हे विसरतो त्याला शेजाऱ्याच्या घरातील स्वतःचीच वस्तू परकी वाटू लागते. कर्कीच्या भागवतांनी सांगलीला जे दिले, त्याची परतफेड करण्याची संधी आज बंगळूरच्या मराठी रंगकर्मींच्या हाती आहे. ती त्यांनी घ्यावी, हीच या लेखाची नांदी आणि हेच त्याचे भरतवाक्य.